साखळीवाला डायलॉग

"दौलतभाई, मोटार नंतर उघडा, आधी हे बघा," असं म्हणत नविनने तांब्याच्या तारेच्या रिळांवरच निमंत्रणपत्रिका ठेवली.

दौलतने हात पुसले आणि पत्रिका उचलली. डावीकडे स्वर्गीय इंदरराज यांचा फोटो, उजवीकडे नविनचा. दोघांच्या मिशा सारख्या, दोघांची मानही एकाच बाजूला वळलेली. मधे लिहिलं होतं, 'संवादसम्राट इंदरराज यांना भावपूर्ण आदरांजली. सादरकर्ते : ज्युनिअर इंदरराज नविन, बोर्डी.' गेलेल्या माणसापेक्षा नविनचा फोटो बोटभर मोठा होता, हे दौलतने पहिल्या नजरेतच टिपलं.

"रविवारी दुपारी तीन वाजता, इथेच तलासरीत, हॉलमध्ये. भाभीला पण घेऊन या. खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी."

"पहिल्या रांगेत?"

"पहिली रांग पाहुण्यांची ने," नविन ओशाळून हसला. "दुसरीत ठेवतो."

नविन गेला आणि दौलतने पत्रिका ग्रीसच्या डब्याखाली सारली. त्या दिवशी त्याने एकाच पंपाचं वाइंडिंग दोनदा चुकवलं. चाळीस वर्षं पंपाच्या मोटारी भरणाऱ्या माणसाने वेढे मोजायला चुकावं, ही गोष्ट साधी नव्हती. पण त्याच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं.

नविनचा राग यायला तसं कारण नव्हतं. बोर्डीच्या चिकूवाडीवाल्यांचा मुलगा, खाऊनपिऊन सुखी, गेली पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात हिंदी सिनेमातल्या इंदरराजची नक्कल करत होता. डहाणूपासून वापीपर्यंत लग्नाला, गरब्याला, नेत्यांच्या वाढदिवसाला त्याला बोलावणं असायचं. पांढरा कोट घालून तो स्टेजवर आला, हनुवटी वर केली आणि एक शब्द बोलला की लोक वेडे व्हायचे. आवाज हुबेहूब होता. खोटं बोलण्यात अर्थ नाही, दौलतनेही एकदा टाळी वाजवली होती आणि मग स्वतःवरच चिडला होता.

कारण इंदरराज या भागात आणला होता दौलतने.

तेव्हा नाक्यावर एकाच्या घरी टीव्ही होता आणि पाड्यांवर वीजही पोचली नव्हती. पंचविशीतल्या दौलतने भाड्याने एक रंगीत टीव्ही, एक व्हिडिओ आणि एक जनरेटर घेतला आणि बैलगाडीत घालून तो झरीपासून रानशेतपर्यंत खेळ करत हिंडू लागला. कुठे लग्न, कुठे पूजा. अडचण एकच होती. पिक्चर हिंदी, आणि बघणाऱ्या माणसांना हिंदी येत नव्हतं. त्यांची भाषा वारली, बाजारापुरती मराठी, थोडी गुजराती. मारामारी कळायची, गाणी कळायची, पण इंदरराज बोलायला उभा राहिला की लोक जांभया द्यायचे. आणि इंदरराजच्या पिक्चरमध्ये बोलण्याशिवाय होतं काय?

मग दौलतने एक युक्ती केली. इंदरराजचं तोंड उघडलं की आवाज बारीक करायचा आणि टेबलाच्या कडेला, अंधारात, चादरीआड बसून माइकवर आपण बोलायचं, गावच्या बोलीत. जनरेटरच्या घरघरीत, मागे बसलेल्या माणसाला चादरीआड कोण आहे ते काय दिसणार. त्यांना दिसायचा तो पडद्यावरचा उंच, पांढऱ्या कल्ल्यांचा ठाकूर, आणि ऐकू यायची आपली भाषा. अर्धं गाव मानून बसलं की इंदरराज आपल्यातलाच कुणीतरी आहे, मुंबईला जाऊन मोठा झालेला.

आणखी एक गोष्ट होती, जी दौलतने फक्त हिरकणीला, आपल्या बायकोला सांगितली होती. हिंदी त्यालाही धड येत नव्हतं. इंदरराज खानदान, गुरूर, लहू असलं काहीबाही बोलायचा, त्यातलं निम्मं त्याच्या डोक्यावरून जायचं. मग त्या जागी तो स्वतःचं घालायचा. ओठ हलतात तेवढा वेळ भरून काढायचा, बस. चुकून भरलेलंच लोकांना आवडायचं.

तो इंदरराज आता सत्त्याऐंशीचा होऊन गेला. टीव्हीवर पाच दिवस त्याचे डायलॉग वाजले. हिरकणीने दोनदा डोळे पुसले, आणि दौलतने दोन्ही वेळा ते पाहिलं.

"तो तुझा कोण लागत होता?" तो म्हणाला.

"माझ्या तरणेपणातला माणूस गेला, रडू नको?"

"तुझ्या तरणेपणात तो नव्हता. मी होतो. रानशेतला तू पुढं बसून ऐकायचीस तो मी होतो."

"माना ठावा हाय," हिरकणी म्हणाली. "पण तोंड त्याचाच होता ना."

माणसाला जिवंत माणसाचा हेवा वाटला तर निदान भांडता येतं. मेलेल्याचा वाटला तर त्याने करायचं काय? पण वाटत होता खरा, अगदी नखशिखांत वाटत होता, आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती.

रविवारी तो गेला. इस्त्रीचा शर्ट घालून, न जाण्याची सगळी कारणं हिरकणीला ऐकवून झाल्यावर, तिलाच बरोबर घेऊन गेला. हॉल भरला होता. पाड्यांवरून म्हाताऱ्या माणसांना गाड्या करून आणलं होतं, ती पुढे सतरंजीवर बसली होती. खुर्च्यांवर पाहुणे, मागे कॉलेजची आणि पाड्यांवरची तरणी पोरं मोबाइल वर धरून. दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर खरंच दौलतच्या नावाची चिठ्ठी होती, त्यामुळे त्याला चिडायला आणखी एक कारण कमी झालं.

फोटोला हार घातला गेला, दोन भाषणं झाली आणि नविन आला. पांढरा कोट, कल्ले पांढरे रंगवलेले. त्याने एकामागून एक तीन डायलॉग म्हटले, न्यायाधीशासमोरचा, मुलाच्या चितेसमोरचा आणि दारूच्या ग्लासवाला. मागची पोरं शिट्ट्या मारत होती. दौलत हाताची घडी घालून बसला होता. टाळी वाजवायची नाही असं ठरवूनच आला होता.

तेवढ्यात सतरंजीवरून एक बारीक आवाज आला. "पोरा, तो साखळीवाला बोल."

झरीची बुधीबाई होती ती, ऐंशीच्या घरातली. दौलतने हाताची घडी सोडली.

"कुठला, आजी?" नविन वाकून म्हणाला.

"साखळीवाला. जमीन मोजाया येतात तो."

"हां, तो बोल," दुसरा म्हातारा म्हणाला. मग तिसरी, मग चौथा. सतरंजीवर एकच गलका झाला. नविन गोंधळला. इंदरराजचे बेचाळीस पिक्चर त्याला तोंडपाठ होते.

"असा डायलॉगच नाय, आजी. साहेब असा कधी बोललेच नाय."

दौलतला उकळ्या फुटत होत्या. बेचाळीस पिक्चर पाठ आणि हा एक येत नाही. येणार कुठून, तो कुठल्याच पिक्चरमध्ये नव्हता. पिक्चरमध्ये सावकाराची माणसं ठाकुराच्या हवेलीवर येतात आणि ठाकूर हिंदीत कायसं लांबलचक बोलतो. त्याच आठवड्यात झरीला दौलतच्या घरामागची जमीन मोजायला माणसं साखळी घेऊन आली होती. त्याचा आजा बांधावर उभा राहिला होता आणि एक शब्दही बोलला नव्हता. म्हातारा बोलला नाही ते दौलतने त्या खेळाला ठाकुराच्या तोंडी घातलं.

"नाय कसा?" बुधीबाई म्हणाली. "मी या कानानं ऐकला. आपले भाषेत बोलला तो."

मागची पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "आजी, इंदरराज वारलीत बोलत होता काय?" आणखी हशा झाला.

"बोलत होता," बुधीबाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "दोन वरसांमागं रस्त्याची मोजणी आली माझे शेतात. माना काय बोलावं सुचं ना. मंग मी तोच बोलली. ते सायेब खाली मान घालून उभे रायले. तुमी हसा."

हसणं थांबत नव्हतं. दौलत उठला. आपण का उठलो, नविनचं नाक कापायला की म्हातारीचं हसं थांबवायला, हे त्याला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. दोन्ही होतं. तो स्टेजवर चढला, नविनच्या हातातून माइक घेतला आणि बोलला.

"जमीन मोजाया साखळी आणलीस, सायबा. माझे आजाचे पाय हिच्यावरून कितीदा गेले, ते मोजाया काय आणलंस?"

मागची हसणारी पोरंही पुढे बघू लागली. पण आवाज तंबाखूने खाल्लेला, पुढचे दोन दात गेलेले, आणि 'साखळी' म्हणताना शिट्टी वाजलेली. दौलतने ती स्वतःही ऐकली.

"हाच," बुधीबाई म्हणाली. "शबूद हेच. पण तो बोलं तसा नाय."

"बुधीबाई, तो मीच बोलायचो," दौलत म्हणाला. माइक अजून तोंडाशीच होता, त्यामुळे सगळ्या हॉलने ऐकलं. "व्हिडिओवर मी होतो. हे माझं आहे."

बुधीबाईने त्याच्याकडे मायेने पाहिलं. लहान पोर खोटं बोलतं तेव्हा बघावं तसं.

"तू मशीन चालवायचास, दौलत," ती म्हणाली. "बोलायचा तो."

सतरंजीवरच्या सगळ्या माना हलल्या. पाच-पन्नास गावांना एकट्याच्या तोंडाने बोलून दाखवलं, आणि त्यांच्या आठवणीत तो जनरेटरला दोरी मारणारा माणूस होता.

नविनने हळूच माइक परत घेतला. पाठ फिरवून तो दोन क्षण पुटपुटला. मग वळला, हनुवटी वर केली, आणि तेच शब्द इंदरराजच्या आवाजात म्हटले.

दौलतने आयुष्यात पहिल्यांदा आपलं वाक्य त्या आवाजात ऐकलं, आणि ते त्याच्यापेक्षा चांगलं होतं. तिथेच सगळ्यात जास्त लागलं. सतरंजीवरची माणसं उठून उभी राहिली. बुधीबाई पदराने डोळे पुसत "हाच तो, हाच तो" म्हणत होती. मागची पोरं, मघाशी हसणारी, आता रेकॉर्ड करत होती. हिरकणी तेवढी बसून होती. ती स्टेजकडे बघत होती, पण नविनकडे नाही.

"दौलतभाईंनी आठवण करून दिली, त्यांच्यासाठी टाळ्या," नविन म्हणाला, आणि टाळ्या पडल्याही.

कार्यक्रम संपल्यावर तो कोट काढत दौलतजवळ आला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळू आवाजात म्हणाला, "दौलतभाई, तुमचाच आहे ने तो? साहेबांचे सगळे पिक्चर मला पाठ आहेत, तो त्यांचा नाय. मी प्रोग्राममध्ये घेऊ? तुम्ही हो बोललात तरच."

सगळ्या तालुक्यात खरं ओळखणारा माणूस निघाला तोही हाच. पंचवीस वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, परवानगी मागायला तोच समोर उभा होता, घामाने कल्ल्यांचा रंग गळ्यावर आलेला.

"घे," दौलत म्हणाला. "पण त्याच्याच नावावर घे. माझं नाव घेतलंस तर कोणी ऐकणार नाही."

"तुम्हाला चालेल?"

"चालणार नाही. तरी घे."

झरीकडे जाणाऱ्या इको गाडीत अकरा माणसं कोंबली होती. हिरकणी आणि दौलत मागे, पुढे ड्रायव्हरशेजारी काळ्या. काळ्याची भातशेती दौलतच्या घराला लागून, वय तिशीचं, हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्यांतला एक. येत्या बुधवारी त्याच्याच बांधावर रस्त्याची मोजणी यायची होती. तो ड्रायव्हरला ऐकवत होता.

"येऊ दे त्यांना. मी पण हाच बोलणार. जमीन मोजाया साखळी आणलीस, सायबा. माझे बापाचे पाय हिच्यावरून..."

"बापाचे नाय," दौलत मागून म्हणाला. "आजाचे."

"तेच ते, काका."

"तेच नाय. बाप त्यांच्या कागदात असतो. आजा नसतो. आजा बोल."

काळ्याने मान वळवून बघितलं. "काका, तुला बरा पाठ हाय. लय बघितलास काय इंदरराज?"

हिरकणीने बोलायला तोंड उघडलं. दौलतने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बघितला," तो म्हणाला. "तू परत बोल. सायबा म्हटलास की जरा थांब. त्याला वर बघू दे. मग पुढचा."

काळ्या सावरून बसला. "जमीन मोजाया साखळी आणलीस, सायबा," तो म्हणाला, आणि थांबला. गाडीतली बोलणीही थांबली. दौलत ओठ न हलवता वाट बघत होता.

"माझे आजाचे पाय," काळ्या म्हणाला, आणि दौलतने मान हलवली.