जाळ्यात न येणारे पक्षी

पुढच्या आठवड्यात माझा प्रबंध द्यायचा होता आणि त्याचा निष्कर्ष मला तोंडपाठ होता: रानातल्या गाणाऱ्या पक्ष्यांना मलेरिया होतो, पण त्यानं त्यांचं फारसं बिघडत नाही. झुडपांमध्ये बारीक जाळी ताणायची, अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, त्याचं वजन करायचं, पंखाखालच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा आणि त्याला उडवून द्यायचं, यात माझी कैक वर्षं गेली. तळ्याकाठी डास जास्त म्हणून लागण जास्त, पिल्लांपेक्षा मोठ्यांत जास्त. पण लागण झालेले पक्षी वजनाला चांगले भरत आणि गातही जोरात.

"तुझे पेशंट माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत," ताई म्हणाली. शेवटच्या फेरीला ती हौसेनं आली होती आणि बसल्या जागेवरून सूचना सोडत होती. मी कानाडोळा केला. मग ती वाकली आणि म्हणाली, "अगं, हा उडत का नाही?"

पाचोळ्यात एक पक्षी पिसं फुलवून बसला होता. ताईनं हात पुढे केला तरी हलला नाही. मी त्याला नुसत्या हातानं उचललं. असा पक्षी मी कधी उचललाच नव्हता. माझ्याकडे आलेला प्रत्येक जण जाळ्यातून आला होता.

प्रयोगशाळेत त्याची काचपट्टी रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली आणि मी खुर्चीला खिळले. एरवी मलेरियाचा एक परजीवी शोधताना डोळ्यांचं पाणी निघायचं. इथे जवळजवळ प्रत्येक पेशीत तो ठाण मांडून बसला होता. एवढ्याशा देहात केवढं हे आक्रमण! दुपार कलायच्या आत, सोबत आणलेल्या खोक्यातच पक्षी मेला.

मी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, निष्कर्ष चुकलाय. जाळ्यात फक्त उडणारे येतात. आजारानं खाली बसलेले मी कधी तपासलेच नाहीत."

"एका पक्ष्यावरून म्हणतेस?"

"नाही सर, जाळ्यावरून म्हणतेय. पक्षी बसून राहिला तर ते रिकामंच राहणार."

"थांबव प्रबंध," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"म्हणजे सगळं पाण्यात गेलं?" शेजारी उभ्या ताईनं घाबरून विचारलं.

मी सकाळी जाळ्यात आलेल्या दुसऱ्या एका पक्ष्याची पट्टी लावली. हजारो स्वच्छ पेशी, आणि कोपऱ्यात एकच परजीवी. अशांना मी 'किरकोळ लागण' म्हणून निकालात काढत आले होते. आता अंगावर काटा आला. हाही बहुधा कधीतरी असाच पाचोळ्यात बसला असेल, एकटा, आणि कोणाच्याही औषधाशिवाय उठला असेल.

मी ताईला जागा दिली. तिनं भिंगाला डोळा लावला.

"हा ठिपका अजून आहे याच्या अंगात?"

"जन्मभर राहील."

"आणि पक्षी?"

"जाळ्यातून सोडला तेव्हा," मी म्हणाले, "फांदीवर बसून आधी गायला, मग उडून गेला."