संध्याकाळचं दूध

गवळ्यानं चरवी उंबऱ्याशी टेकवली आणि मामींनी त्यातलं ओंजळभर दूध दारातल्या काळ्या दगडावर ओतलं. दूध ओघळत थेट गटारात गेलं. दगडावर पांढरा डागसुद्धा मागं राहिला नाही.

"दूध असतं तर कुठंतरी थांबलं असतं," मामी म्हणाल्या. "तू दुधात विहीर ओततोस की विहिरीत दूध, तेवढं एकदा सांग."

गल्लीतल्या बायका भांडी घेऊन उभ्याच होत्या. त्या हसल्या, आणि गवळ्याचे कान तापले. तो म्हणाला, एवढी जीभ चालतेय तर एखादी शेळी पाळा, ती तरी खाली मान घालून ऐकून घेईल. मामींनी पदर खोचला. येत्या बाजारी शेळी दारात येईल आणि आजपासून तुझी चरवी या उंबऱ्याला लागायची नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. घरात मामा बसले होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. लग्न झाल्यापासून मामी दोघांच्या वाटचं एकट्याच बोलत आल्या होत्या.

बाजारात मामींनी शेळीवाल्याचा घाम काढला. दात बघितले, खूर बघितले. तटतटलेली कास बघून त्या भुलल्या नाहीत. दोन वेळा धार न काढता आणलेली कास कुणाचीही फुगते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला तिथंच धार काढायला लावली. मग रिकामी कास हातानं चेपून बघितली. ती लुळी पडली, म्हणजे दुधाचीच होती, मांसाची नव्हती. शेळी दुसऱ्या वेताची, करडं विकून झालेली, अंगानं तांबडी आणि नजरेनं आगाऊ. मामींना ती बघताक्षणी आवडली होती, म्हणूनच त्यांनी तिला नावं ठेवायला सुरुवात केली.

सगळी नावं ठेवून झाली तरी भाव उतरेना. तेव्हा त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या माळेवर गेली. वीतभर लांबीच्या सहा काठ्या, सुतळीत ओवलेल्या.

"हा लाकडी दागिना काढून घे आणि तेवढे पैसे कमी कर."

"मावशी, ती राहू द्या. तिला एक खोड..."

"खोड मोडायला आमच्या घरी माणसं आहेत. काढ म्हटलं ना."

शेळीवाल्यानं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मामींनी ते बंद केलं. शेवटी त्यानं माळ काढून घेतली आणि थोडे पैसे सोडले. मामी जिंकून घरी आल्या.

पहिल्या सकाळी भांडं भरून दूध निघालं. रात्री शेळी गव्हाणीला आखूड दाव्यानं बांधलेली होती. दिवसा तिला अंगणात झाडाखाली लांब दोर दिला, ऐसपैस फिरायला. मामा-मामी शेतावर गेले, मुलगा वीटभट्टीवर. घरी राहिली एकटी सून. संध्याकाळी मामी धारेला बसल्या तर कास लुळी. दोन चुळा भरतील एवढंही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी भांडं भरायचं, संध्याकाळी तळ दिसायचा.

मामींनी हिशेब जुळवला. दिवसा घरी कोण, तर सून. मग त्या नळावर गेल्या आणि म्हणाल्या, "आमची सून हल्ली उजळत चाललीय. दुपारचं दूध मानवतं एकेकीला."

नळावरचं बोलणं घरी पोचायला हंडा भरण्याइतकाही वेळ लागला नाही. सुनेनं भांडण केलं नाही. तिनं आपल्या चहातलं दूध तेवढं बंद केलं. सगळ्यांना पांढरा चहा दिला की मागं बसून कोरा प्यायची. तो कोरा कप मामींना कुसळासारखा टोचायचा.

एकदा मुद्देमालासकट पकडावं म्हणून मामी खुरपं घेऊन शेतावर निघाल्या आणि मागच्या बाजूनं वळून कडब्याच्या गंजीआड येऊन बसल्या. मुंग्या चावल्या, पाय बधिर झाले. सुनेनं अंगण झाडलं, कपडे वाळत घातले, निवडलेल्या भाजीचे देठ शेळीपुढं टाकले आणि घरात गेली. शेळीनं देठ खाल्ले. मग इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मान पार मागं वळवली आणि आपलाच सड तोंडात धरून, डोळे मिटून, चुटुचुटु दूध ओढायला लागली.

मामी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. शेळीवाल्याचं अर्धं राहिलेलं वाक्य आता कुठं त्यांना पुरं ऐकू आलं.

उठल्या, कुंपणाच्या काठ्या तोडल्या, सुतळीत ओवल्या आणि शेळीच्या गळ्यात घातल्या, म्हणजे मान कासेकडं वळायलाच नको. संध्याकाळी भांडं काठोकाठ भरलं. मामांनी विचारलं, हे गळ्यात काय?

"दागिना. तुम्ही मला केला नाहीत, मी तिला केला," मामी म्हणाल्या, आणि विषय तिथंच मिटला असं त्यांना वाटलं.

सुनेनं चहा केला. स्वतःचा कोराच घेतला. मामींकडं न बघता म्हणाली, "आज भरलं ना भांडं? म्हणजे चोर भ्याला."

मामींनी कप खाली ठेवला. दूध परत आलं तसा आळही पक्का झाला होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. गप्प बसलं तर अब्रू राहत होती, पण ती सुनेच्या अब्रूवर उभी राहत होती.

सकाळी गवळी शेजारणीच्या दारात दूध घालत होता. भरल्या भांड्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो मोठ्यानं म्हणाला, "मामींनी सुनेला दम भरलेला दिसतोय. संध्याकाळचं दूध लागलं परत यायला."

बायका थबकल्या. आत कपबशीचा आवाज थांबला. मामी बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवले.

"ऐका सगळ्यांनी. माझी शेळी स्वतःचंच दूध पिते. विकणारा सांगत होता, मी त्याला बोलू दिलं नाही, कारण मला फार कळतं. सुनेनं थेंब चाखलेला नाही. आळ मी घेतला, तो खोटा. आता हसायचं तर हसून घ्या, मला धारेला जायचंय."

गवळी इतका हसला की चरवी खाली ठेवावी लागली. म्हणाला, जशी मालकीण तशी शेळी, दुसऱ्याला काही द्यायला नको. मामींनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. गल्लीनं असं पहिल्यांदाच पाहिलं.

आत आल्या तर सून चुलीपाशी उभी. डोळे ओले आणि ओठ हसू दाबताना वेडेवाकडे झालेले.

"आई, मला हळूच सांगितलं असतं तरी चाललं असतं. सगळ्या गल्लीत कशाला?"

"चिखल गल्लीत फेकला होता ना मी," मामी म्हणाल्या. "मग तो पुसायला स्वयंपाकघरात कशी बसू? आणि रडायचं असेल तर आधी ते दूध उतू जातंय ते बघ."