शोकाकुलांमध्ये एक नाव

एका टाचणीचं डोकं निळं होतं, बाकीच्या तिन्ही पांढऱ्या... नेदका त्या निळ्या ठिपक्याकडेच बघत राहिली, कारण नजर खाली कागदावर न्यायला तिला नको वाटत होतं. पण इमारतीच्या दारावर मयताचा कागद लागला की थांबून वाचायचाच असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या प्लामेनची आई जाऊन आज चाळीस दिवस झाले. शोकाकुल : मुलगा प्लामेन, नात रालित्सा.

नात रालित्सा. चार वर्षांपूर्वी शाळेतून निघालेली आणि घरी न पोचलेली सात वर्षांची पोर – जिवंत माणसांच्या ओळीत.

"नाव घातलंय बघ मेल्यानं!" दारापाशी बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत शेजारीण स्तोइलका म्हणाली. "स्वतःच पुरली पोरीला, वर हे नाटक. टीव्हीवर लोकांनी फोन करून सांगितलं, बापानंच केलं. एकाहत्तर टक्के! एवढे लोक काय खुळे आहेत?"

"मी तिला बसमध्ये चढताना पाहिलं."

"हो बाई, तूच काय ती डोळस."

बसचं हे वाक्य नेदका इतक्या वेळा बोलली होती – पोलिसांना, कॅमेऱ्याला, मिरच्यांच्या बरण्या भरताना शेजारणींना – की आता ते आपोआप तोंडातून यायचं, लाल टोपी, बरोबर एक बाई, विदिन शहराला जाणारी बस... पोलिसांना पहिल्यांदा ती 'बहुतेक' म्हणाली होती. मग कॅमेरावाल्या मुलीने विचारलं, नक्की ना, आजी? आणि साऱ्या देशासमोर 'बहुतेक' म्हणायची लाज वाटली. टोपी त्या दिवशीची, की आदल्या दिवशीची? की टीव्हीवरच्या फोटोतली? स्तोइलकाला खात्री, मला खात्री, सगळ्यांना खात्री, आणि पोर मात्र कुणालाच सापडली नाही. थकले मी. आज प्लामेनला सांगूनच टाकते, मला नक्की आठवत नाही म्हणून.

दुपारी प्लामेनच दारात आला, आईच्या नावाने वाटायचे साखर घातलेले उकडलेले गहू घेऊन. तिने वाटी घेतली, रीतीप्रमाणे "देव क्षमा करो" म्हणाली.

"तुम्ही तरी दार उघडलंत, मावशी."

"प्लामेन, त्या दिवशीचं मला..."

"तेच विचारायचं होतं!" त्याचा चेहरा एकदम उजळला. "आई शेवटपर्यंत म्हणत होती, नेदकाने पाहिलंय ना, मग आहे आपली पोर. म्हणून तर नाव घातलं मी. फक्त एक सांगा... त्या बाईने तिचा हात कसा धरला होता? ओढत नव्हती ना?"

चार वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. नाही आठवत – दोनच शब्द होते, अगदी ओठांवर आले होते.

"छे रे! प्रेमानं धरला होता," ती म्हणाली. "डावा हात."

तो रडला, लगेच हसला, आणि उरलेल्या वाट्या सावरत जिना चढून गेला.

ती तिथेच उभी राहिली. आणि तिला ते दिसलं – त्या बाईचा लोकरी हातमोजा, त्यात पोरीची बोटं, पायरी उंच म्हणून तिला अलगद वर घेणं... इतकं स्पष्ट, की आता कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी 'पाहिलं नाही' असं तिला म्हणता आलं नसतं. तिला भीती वाटली. आणि कितीतरी वर्षांनी बरंही वाटलं.