खडकाच्या पायथ्याशी

प्रतापरावांनी फोटोवर पोलादी पट्टी ठेवली, ब्लेड उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"श्रीकांतसाहेब, ह्या बाई कोण?"

"अपर्णा. माझी बायको." श्रीकांत म्हणाला. "दोन वर्षं झाली जाऊन."

फोटो कुकटपल्लीच्या पलीकडच्या खडकांचा होता. एकावर एक तोलून राहिलेले तीन प्रचंड धोंडे, आणि खाली उजव्या कोपऱ्यात पदर सावरत उभी असलेली अपर्णा. खडक केवढे आहेत ते कळावं म्हणून श्रीकांतनेच तिला तिथे उभं केलं होतं. ऊन लागतंय म्हणून ती कुरकुरलीही होती. दर रविवारी दोघं डबा घेऊन तिथे जात. निगेटिव्हला बुरशी लागली आणि उरली ती ही एवढी प्रत.

पुढे सुरुंग लावून खडक फोडले आणि त्या जागी एका कॉम्प्युटर कंपनीची काचेची इमारत उभी राहिली. आता तिच्याच दर्शनी दालनात कंपनीला त्या खडकांचा फोटो हवा होता. फक्त निसर्ग, माणूस नको, अशी अट. श्रीकांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मग वाटलं, खडक निदान भिंतीवर तरी राहतील.

"तेवढा कोपरा कापून मला द्या," तो म्हणाला. "पाकिटात ठेवीन."

"कापायची जरूरत नाही." अंबरपेठेत प्रतापरावांचा सगळा जन्म देवांच्या तसबिरी मढवण्यात गेला होता. "हे कंपनीवाले फोटोभोवती रुंद पांढरा पुठ्ठा मागतात. तो जरा आत घेतो. बाई झाकल्या जातील, पण राहतील तिथंच."

"कुणाला दिसणार नाही?"

"कोणालाच नाही. तुम्हालासुद्धा नाही."

श्रीकांतने काढलेलं पाकीट तसंच हातात राहिलं. एवढीशी अपर्णा खिशात घालून न्यायला तो आला होता, पण तिला तिथून हलवायचं त्याच्या जिवावर आलं.

"झाका," तो म्हणाला.

फोटो लागला. त्यानंतरच्या चौथ्या रविवारीही श्रीकांत फ्रेमसमोर उभा होता. रखवालदार बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

"साब, फोटो तो वां है. तुमे इत्ती देर से सादा पुठ्ठा कायकू देख रै?"

श्रीकांतची नजर पुठ्ठ्यावरून हलली नाही. रखवालदाराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची आणून त्या कोपऱ्यासमोर ठेवली.