नमुन्याचा मजकूर

"झालं माझं, ये बसायला," त्याने आतल्या खोलीकडे बघत हाक दिली आणि खुर्ची मोकळी करून दिली. बायको ओले हात पुसत, भिंतीच्या कडेकडेने आली, खुर्चीची पाठ चाचपली आणि बसली.

तो वेबसाइट्सच्या दिसण्याचं काम करायचा. अक्षर केवढं असावं, ओळींत अंतर किती, कुठला रंग कुठे, हे ठरवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. हे नेमकं काय काम आहे ते सासऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. जावई कॉम्प्युटरला रंग देतो, असं ते बिचारे चारचौघांत कौतुकाने सांगत.

बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. सव्वीस वर्षं. लेखक नाक मुरडत, पण तिने खूण केलेली जागा मुकाट्याने दुरुस्त करत. दोन वर्षांपूर्वी तिची नजर मधोमध विरायला लागली. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. डॉक्टरांनी औषधं दिली, चष्मे दिले आणि शेवटी हात टेकले. आहे ती नजर हळूहळू जाईल, वर्षभर तरी पुरेल, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षभराला दोघं धरून होते.

छापखाना आता मुद्रितं आपल्या वेबसाइटवर चढवायचा आणि लोक ती घरूनच तपासायचे. पण तिथली अक्षरं म्हणजे आनंदच होता. बारीक, आणि वर राखाडी. धडधाकट माणसाने डोळे चोळावेत अशी. छापखान्याच्या साहेबांनी बरंच ताणून शेवटी एक संधी दिली होती. आज अकरा वाजता आठ पानं येणार, तीन वाजेपर्यंत तपासून परत द्यायची. जमलं तर नोकरी राहील. नाही जमलं तर तिची जागा दुसऱ्याला. "काम गेलं ना, तर मी नुसती बसून राहीन," ती एकदा म्हणाली होती, "आणि मला त्या बसून राहण्याचंच भय वाटतं."

छापखान्याच्या साइटला हात लावायची त्याला मुभा नव्हती. पण त्या पानाची नक्कल आपल्याच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, तर कोण अडवणार? त्या नकलेवर त्याने स्वतःची सजावटीची फाईल चढवली. अक्षर तिप्पट केलं, जाड केलं. काळ्यावर पिवळं करून पाहिलं, पिवळ्यावर काळं करून पाहिलं. गेले अडीच महिने रोज सकाळी तो एकच गोष्ट बदलायचा, पान पुन्हा उघडायचा आणि तिला बोलवायचा. कालच्यापेक्षा बरं की वाईट, एवढंच विचारायचा.

चाचणीसाठी मजकूर मात्र पहिल्या दिवसापासून तोच होता. इमारतीत लागलेली पाण्याच्या वेळेची सूचना त्याने सहज टाईप केली होती, सहा ओळींची. मजकूर बदलला तर फरक अक्षराने पडला की मजकुराने, हे कळणार कसं? एका वेळी एकच बदल, हा त्याचा धंद्यातला नियम होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आज शेवटचा हात फिरवायचा म्हणून त्याने पानाला सायीचा रंग द्यायचं ठरवलं होतं, अक्षरांना गडद काळा. ती बसल्यावर त्याने बदल साठवला, पान पुन्हा उघडायची कळ दाबली आणि स्वतःसाठी दुसरी खुर्ची ओढायला वळला. तेवढ्यात तिने वाचायला सुरुवातही केली.

"सर्व रहिवाशांना कळवण्यात येते की, टाकी साफ करायची असल्याने पाणी सकाळी सहा ते सात या वेळेतच येईल..."

आवाज नेहमीसारखा सरळ, न अडखळता. ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. खुर्ची टेकवून त्याने पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर एकही अक्षर नव्हतं.

चूक त्याला तत्क्षणी कळली. घाईत एकच रंग दोन्हीकडे चिकटवला गेला होता, पानालाही आणि अक्षरांनाही. नवशिक्याने करावी अशी चूक. दुरुस्त करायला त्याचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. ती वाचतच होती. वरच्या मजल्यावरच्यांनी भांडी भरून ठेवावीत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मान ओळीगणिक डावीकडून उजवीकडे जात होती.

"आज एकदम ठळक आलंय," ती म्हणाली. "हेच ठेवा."

पुढे गेलेला हात त्याने मागे घेतला. उत्तरासाठी तिने मान वळवली, तो नव्हता त्या बाजूला.

"काय झालं?"

"पान कोरं आहे," तो म्हणाला. "चूक झाली माझी. अक्षरांनाही पानाचाच रंग गेला."

तिने नाकारलं नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ती बसून राहिली. कधीपासून दिसत नाही, असं त्याने विचारलं. महिना होईल, ती म्हणाली. पहिल्या पहिल्यांदा खरंच वाचलं होतं. मग कडेकडेचं दिसायचं, मग नुसता उजेड राहिला. तोवर सहा ओळी पाठ झाल्या होत्या. बरं की वाईट याचं उत्तर त्याच्या आवाजावरूनच कळायचं. त्याला काय हवंय ते त्याच्या विचारण्यातच असायचं.

महिनाभर ती पेल्यात बोट घालून पाणी ओतत होती. ते त्याने पाहिलं होतं आणि दिसलं नाही असं स्वतःला सांगितलं होतं. त्याला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

"अगं, सांगायचंस तरी. मी रोज इतका खपत होतो."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"आणि अकरा वाजता काय करणार होतीस?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "अकरा वाजेपर्यंत तरी नोकरी होती ना माझी."

त्याला हुंदका आला. तो त्याने आवरला नाही. तिने हात पुढे केला, आधी हवेत, मग त्याच्या गुडघ्यावर, आणि तो शांत होईपर्यंत तिथेच ठेवला.

मग तिनेच सांगितलं, साहेबांना लिहा. आठ पानं माझ्यासाठी अडून राहायला नकोत. त्याने कोरं पान बंद केलं आणि पत्र लिहायला घेतलं. अक्षर नेहमीचंच ठेवा, ती म्हणाली, साहेबांना दिसतं. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. चार वाक्यं. दृष्टी गेल्याचं एक, आभाराचं एक, छापखान्यातल्या टेबलाच्या खणात राहिलेला शब्दकोश कुणाला तरी द्यावा म्हणून एक, आणि शेवटी काम थांबवत असल्याचं.

"वाचून दाखवा."

त्याने वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ऐकलं.

"शेवटच्या वाक्यात एक शब्द गाळलात," ती म्हणाली. "आजपासून."

त्याने तो घातला.