पाच व्होल्ट

"पुन्हा हँग झालं," टेसी म्हणाली आणि बोटं कळांवरच ठेवून पडद्याकडे बघत राहिली. मिल्ड्रेडच्या नावापुढे १६ एवढंच उमटलं होतं. पुढचा दोन काही केल्या उमटेना.

तिचा नवरा ॲल्विन प्रुखनिक याने सूप उतरवलं. अमेरिकेतल्या इरी शहरात इंजिनांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून त्याने भलीभली यंत्रं वठणीवर आणली होती. आणि घरातला हा चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर महिनाभर त्याला दाद देत नव्हता. सुरू व्हायचा झोकात, अर्ध्या तासाने गोठायचा. दोन चिपा बदलून झाल्या, त्याही जळाल्या.

टेसी कारखान्याच्या बोलिंग मंडळाची चिटणीस होती. खेळाडूंचे गुण मांडायचा प्रोग्रॅम ॲल्विननेच तिला लिहून दिला होता. मंडळ मोडलं, खेळाडू एकेक करून गेले, आणि गेल्या तीन वर्षांत टेसीला घरातली माणसंही ओळखू येईनात. पण इथे बसवलं की जुन्या वहीतले गुण टाकत ती दुपारभर शांत असायची. मशीन बंद पडलं की सपाता घालून बोलिंगला निघायची. गेल्या आठवड्यात बर्फातून पोलिसांनी आणून सोडली.

"बाबा, आता पुरे," मुलगी जॅनिस म्हणाली होती. "वृद्धाश्रमात सोमवारी आईसाठी खोली रिकामी होतेय."

"मशीन सुरू झालं तर ती घरीच राहील."

"शनिवारपर्यंत बघा."

आज शनिवार. दुपारी जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबातला डेल आला. त्याने रुमालातून एक चिप काढली.

"माझ्या मशीनमधली उपटून आणलीय. क्लबात कुणाकडे आता दुसरी नाही. पण आधी मशीनला वीज पुरवणारा तो ठोकळा बदल बाबा. नवा आणलाय."

"चाळीस वर्षं त्याने दगा दिला नाही. मीटर लावून बघितलंय मी. पाच व्होल्ट, चोख."

"कुंपणच शेत खात असेल तर?"

"तू मला वीज शिकवणार? जन्मभर पाव विकलेस."

"विकले. शिळे मात्र नाही विकले." डेलने नवा ठोकळा टेबलावर ठेवला. "मर्जी तुझी," म्हणून तो निघून गेला.

ॲल्विनने चिप बसवली आणि जुनाच ठोकळा जोडला. मशीन सुरू झालं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मिल्ड्रेडचे १६२ उमटले, टेसी पुढच्या नावाकडे वळली. ॲल्विनने जॅनिसला फोन लावला. "जमलं बरं का. तुझी आई कुठे जात नाही."

फोन ठेवतो न ठेवतो तोच पडदाभर भलतीसलती अक्षरं उमटली आणि सगळं काळं झालं.

त्याने वाकून ठोकळ्याला हात लावला. चटका बसला. मीटर लावला तर पाचाच्या जागी आठ व्होल्ट; तापला की हा ठोकळाच चिपा जाळत होता. आजवर त्याने ठोकळा मोजला तो थंड असताना, सुरू केल्या केल्या. कारखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्याने बजावलं होतं, यंत्र तापल्यावर मोज. स्वतःच्या घरात तेवढं त्याला सुचलं नाही. त्याने डेलचा ठोकळा जोडून बघितला. पडदा काळा तो काळाच. चिप केव्हाच जळून गेली होती. तिचं घर आपणच घालवलं, हे त्याला कळलं.

"बंद पडलंय," टेसी म्हणाली.

"हो."

"ॲल्विनला सांगाल का तुम्ही? कामावरून आला की करेल. त्याच्या हाताला यश आहे."

"सांगतो."

त्याने पुन्हा फोन लावला. "जॅनिस, सोमवारी किती वाजता?" पलीकडून ती काही बोलली, ते त्याने ऐकून घेतलं.

टेसी उठून सपाता शोधत होती.

"थंडी आहे, सपाता नकोत. चला, मी सोडतो बोलिंगला," तो म्हणाला आणि गुडघे टेकून तिच्या बुटांच्या नाड्या बांधू लागला.