एक फूट वजा

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मित्रांनो, मोजायचा. पोलादी पट्टी, तिला राहायला चामड्याचे गोल घर आणि गुंडाळायला पितळेची छोटी मूठ, एवढाच माझा संसार. सध्या मी पालिकेच्या बांधकाम विभागात एका खिळ्याला लटकलेला असतो. तिथून मला छत्र्या ठेवायची बादली दिसते आणि थोडासा रस्ता दिसतो. माझी तक्रार नाही. लटकण्यात कष्ट नसतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथला एक चष्मेवाला कामगार प्रत्येक टेप शेवटी एका पक्क्या मापाशी ताडून बघत असे. माझी पाळी आली तेव्हा त्याने मला दोनदा लावून पाहिले, माझ्या चामड्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "हा खरा आहे." आयुष्यात माझे एवढेच कौतुक झाले. मला ते बरेच दिवस पुरले.

पालिकेतले काम साधे होते. लोकांना त्यांची घरे पुरत नाहीत. लग्ने होतात, जुळी होतात, सासूबाई चार दिवसांसाठी येतात आणि जायचे नाव काढत नाहीत. मग घरामागे एक खोली वाढवायची असते आणि त्यासाठी पालिकेकडे अर्ज करावा लागतो. आमच्याकडची पद्धत अशी, की अर्जदाराने होणारी खोली आधी अंगणात खुंट्या ठोकून, दोरी बांधून दाखवायची. आम्ही जाऊन ती मोजायची. मग समितीचे सदस्य हात वर करून मंजूर की नामंजूर ते ठरवतात. घराच्या मागच्या भिंतीपासून खोली दहा फुटांपुढे जाता कामा नये, हा नियम.

तेव्हा थोरले साहेब तपासनीस होते. एकदा माझे टोक कुणाच्या तरी फाटकात अडकले आणि पहिले काही इंच कडीसकट तुटून गेले. नवा टेप मागवायचे लगेच ठरले. ते अजून ठरलेलेच आहे. तोवर चालवून घ्यायचे म्हणून एक युक्ती निघाली. कारकून बाई माझी एक फुटाची खूण अंगठ्याने भिंतीशी दाबून धरत. दुसऱ्या टोकाला थोरले साहेब वाचत आणि मनातल्या मनात एक वजा करून मोठ्याने सांगत. अकरा दिसले की "दहा!" अशी आरोळी येई आणि बाई दहा लिहीत. तुटक्या अंगाने लोकांच्या अंगणात जायची मला सुरुवातीला लाज वाटे. नंतर सवय झाली.

मग थोरले साहेब निवृत्त झाले आणि धाकटे साहेब आले. पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांना सांगितले, "साहेब, टोक तुटलंय याचं. मी एकावर धरते."

"चालेल," साहेब म्हणाले.

साहेबांना वाटले, लिहिताना बाई एक वजा करतात. बाईंना वाटले, साहेब वजा करूनच सांगतात. दोघेही आपापल्या जागी शहाणे. त्या दिवसापासून गावातली प्रत्येक खोली कागदावर एक फुटाने लांब झाली. लहान खोल्या दहाच्या आत बसत, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी काही बोलले नाही. बरोबर दहाच्या खोल्या मात्र नामंजूर होऊ लागल्या. लोक गवंड्याला बोल लावत, दोरी आत घेत आणि गप्प बसत. मला काय वाटत होते, असे तुम्ही विचाराल. काही नाही. माझ्यावरचे आकडे जिथल्या तिथे होते.

त्यातच एका शिवणकाम करणाऱ्या ताईंचा अर्ज आला. घर दुमजली आणि अरुंद. न्हाणीघर आणि झोपायची खोली दोन्ही वर. ताईंच्या वडिलांचे एका बाजूचे अंग लुळे पडले होते, त्यामुळे ते कायमचे वरच अडकले. त्यांच्यासाठी घेतलेली चाकांची खुर्ची खाली जिन्याशी उभी होती. तिच्यावरचे प्लास्टिकही निघाले नव्हते.

आम्ही मोजायला गेलो तेव्हा बाबा वरच्या खिडकीत बसले होते.

"अगं, साहेबांना पाणी दिलंस का?"

"देते हो, बाबा. आधी मोजू तर द्या त्यांना."

"साहेब, दार अंगणात उघडणार आहे बरं का!" बाबा वरून म्हणाले. "मला फार काही नको. कुणाला हाक न मारता बाहेर जाता आलं पाहिजे. दिवसभर नुसतं अगं अगं करून माझं तोंड दुखतं आणि हिचे कान."

ताईंनी साहेबांना सगळे समजावून सांगितले. रुंदीला शेजाऱ्याची भिंत होती, तिकडे सरकता येत नव्हते. पलंग टाकल्यावर खुर्ची दाराकडे वळायला दहा फूट लागतातच. गवंड्याने खडूने पलंग आखून आणि खुर्ची फिरवून ते बघितले होते. बाईंनी मला एकावर धरले. साहेब दोरीपाशी वाकले आणि म्हणाले, "अकरा." बाईंनी अकरा लिहिले.

समितीची बैठक मी टेबलावरच्या पिशवीतून ऐकली. पंखा करकरत होता. अध्यक्षांनी वाचले, "मागील बाजूस खोली, जागेवर अकरा फूट, नियमापेक्षा जास्त." हात वर झाले. एका सदस्याने पाणी मागायला वर केलेला हातही त्यात धरला गेला आणि त्याने तो तसाच राहू दिला. "नामंजूर. पुढचा." ताई मागच्या बाकावर होत्या. त्या उठेपर्यंत पुढचा अर्जही निम्मा वाचून झाला होता.

ताई गळ्यात आपला शिवणाचा टेप अडकवून ऑफिसात आल्या. "मी स्वतः मोजलंय हो. दहाच आहे."

"ताई, कपड्याच्या टेपने घर मोजत नाहीत," खिडकीवरचा माणूस म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याने त्यांना बसायला खुर्चीही दिली आणि पुन्हा मोजणी लावून दिली. आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी एकावर धरले, साहेब अकरा म्हणाले, बाईंनी अकरा लिहिले.

आम्ही सामान आवरत असताना गवंडी ताईंना हळूच म्हणाला, "ऑफिसचे दहा म्हणजे आपले नऊ. कशाला भांडताय? दोरी एक फूट आत घेऊ, मंजूर होईल."

"मग बांधताना दहा बांधू या का?"

"बांधून झाल्यावर परत मोजायला येतात. जास्त भरली तर भिंत पाडायला लावतील. भांडत बसलात तर बाबा वरच राहतील."

ताईंनी खडूच्या रेघांकडे पाहिले. मग त्यांनी स्वतः खुंटी उपटली.

पुढच्या वेळी दहा भरले, हात वर झाले, मंजूर झाले. खोली उभी राहिली. रंगाचा वास जायच्या आत आम्ही शेवटच्या मोजणीला गेलो. बाबा खाली आले होते. पलंग होता, खुर्ची होती, दारही अंगणातच उघडत होते. खुर्ची मात्र पलंगाच्या कडेला अडायची. मागून कुणी उचलून फिरवली तरच ती दाराकडे तोंड करायची.

"थोडी मोठी हवी होती खोली," साहेब सहज म्हणाले.

"नियम आहे ना दहाचा," ताई म्हणाल्या.

बाहेरून मला लावले. दहा. पण ऑफिसात तेव्हा नुकतेच लाल ठिपका पाडून लांबी मोजणारे यंत्र आले होते. साहेबांनी ते बघू तरी म्हणून काढले आणि जुन्या भिंतीला टेकवले. बाईंनी खोलीच्या टोकाला वही आडवी धरली, वहीवर ठिपका पडला. नऊ. साहेबांनी यंत्र झटकले. पुन्हा नऊ.

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही एक वजा करता ना?"

"मी? वजा साहेब करतात. थोरले साहेब तर..." आणि बाई थांबल्या. त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

ताई दारात आल्या होत्या. "काय भरलं, साहेब? काही चुकलंय का?"

साहेबांनी यंत्र खिशात घातले. खोलीला आता छत होते, रंग होता, आत पलंग होता.

"नाही," ते म्हणाले. "दहा. बरोबर आहे."

तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, जरा वळव गं मला."

त्या दिवसापासून मी खिळ्यावर आहे. नामंजूर झालेले जुने अर्ज पुन्हा कुणी उघडले नाहीत. साहेब रोज माझ्या समोरून छत्री घेऊन जातात आणि माझ्याकडे बघत नाहीत. मला वाईट वाटायला हवे होते. मी वाट बघितली, पण वाटले नाही. तुटल्यावर सवय झाली, तेव्हाच ते वाटणे कधीतरी संपले असावे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. वस्तू मोडली तर ती दुरुस्त करा किंवा नवी आणा. तोवर चालवून घ्यायचेच असेल, तर वजा कोण करणार हे एकमेकांना मोठ्याने विचारा. भिंत दोरीची असते तेव्हाच विचारा, कारण दोरी सरकवता येते. ते बाबा आत्ताही हाक मारत असतील. इथून मला ती ऐकू येत नाही.